गेमिंग लॅपटॉप : गुण, दोष आणि पारख



पालक-शिक्षक संघाच्या मागच्या सभेत दहावीतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी उभे राहून प्रश्न विचारला. "सर, मुलगा एक लाखाचा गेमिंग लॅपटॉप मागतो. अभ्यासाला लागतो म्हणतो. आमच्या घरात त्यातले कोणाला काही कळत नाही. तो अभ्यासाला मागतो की खेळायला, हे आम्ही ओळखायचे कसे?"

मी उत्तर दिले, "नावातच गेम आहे, मग वेगळे ओळखायचे ते काय?" सभागृहात हशा पिकला. वडील खाली बसले. मुलगा मागे दाराशी उभा होता, हे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या कार्यालयात आला आणि म्हणाला, "सर, पाच मिनिटे द्याल?" त्याने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर त्याच्या गावच्या देवळाची दीपमाळ उभी राहिली. एकेक दिवा लागत गेला आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरत वर गेला. ब्लेंडर नावाच्या मोफत प्रणालीवर त्याने हे स्वतः तयार केले होते. चित्रफीत फक्त दहा सेकंदांची होती, पण ती तयार व्हायला घरचा जुना संगणक एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र चालू ठेवावा लागला होता. मध्ये दोनदा वीज गेली, तेव्हा अर्धवट राहिलेली चौकट पुन्हा करावी लागली.

सभेत मी दिलेले उत्तर चुकीचे होते, हे येथे लिहून ठेवणे माझे कर्तव्य समजतो. मात्र त्याची मागणी जशीच्या तशी बरोबर होती असेही नाही. याच सुमारास संस्थेच्या एका हितचिंतकांनी शाळेला असाच एक शक्तिशाली लॅपटॉप भेट देण्याची इच्छा कळवली. म्हणजे घरी आणि शाळेत, दोन्हीकडे एकच प्रश्न उभा आहे. त्यासाठी हा अभ्यासपाठ. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि तेव्हा महाविद्यालयात संगणक दुरूनच पाहायला मिळत असे. त्यामुळे या विषयात मीही विद्यार्थीच आहे. आमच्या संगणक शिक्षकांकडून समजून घेतले, पडताळले आणि मगच लिहिले.

१. गेमिंग लॅपटॉप म्हणजे काय?

प्रत्येक संगणकात एक मुख्य प्रोसेसर असतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये त्याच्या जोडीला चित्रे तयार करणारा स्वतंत्र प्रोसेसर असतो. त्याला जीपीयू किंवा बोलीभाषेत ग्राफिक्स कार्ड म्हणतात. या दोघांमधील फरक वर्गातील उदाहरणाने समजेल. मुख्य प्रोसेसर म्हणजे चार-सहा अनुभवी शिक्षक. कितीही अवघड गणित द्या, ते सोडवतील. जीपीयू म्हणजे मैदानात बसवलेली हजारो मुले. अवघड गणित त्यांना येणार नाही, पण "प्रत्येकाने एक सोपी बेरीज करा" असे सांगितले तर हजारो बेरजा एकाच क्षणी होतील.

पडद्यावरील चित्राला अशाच हजारो मुलांची गरज असते. साधारण लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे असेल तर एका सेकंदात १२,४४,१६,००० ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. गेमिंग लॅपटॉपचा पडदा बहुधा सेकंदाला १४४ वेळा बदलणारा असतो. तेव्हा हाच आकडा २९,८५,९८,४०० होतो. (विद्यार्थ्यांनी गुणाकार स्वतः करून पाहावेत.)

जीपीयू हा शब्द १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपले जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणताना प्रचारात आणला. ही कंपनी १९९३ मध्ये स्थापन झाली. अनेक वर्षे लोक अशा कार्डाकडे खेळणे म्हणूनच पाहत होते. पुढे २०१२ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी छायाचित्रे ओळखणारी एक संगणक प्रणाली तयार केली. तिला शिकवण्यासाठी त्यांनी जीटीएक्स ५८० ही खेळांसाठी विकली जाणारी दोन कार्डे वापरली. शिकवणी पाच ते सहा दिवस चालली आणि त्या प्रणालीने त्या वर्षीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाटचालीत हा मोठा टप्पा मानला जातो. त्या तिघांतील ज्येष्ठ प्राध्यापक जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तेव्हा केवळ नावात गेम आहे म्हणून यंत्राला तुच्छ लेखू नये. मी लेखले, तुम्ही लेखू नका.

२. गुण

पहिला गुण गतीचा. त्रिमितीय चित्रे, चित्रफितींचे संपादन, इमारतींचे आराखडे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग या कामांत स्वतंत्र जीपीयूमुळे वेळ फार वाचतो. आमच्या विद्यार्थ्याचेच उदाहरण घेऊ. दहा सेकंदांची चित्रफीत, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एकूण २४० चौकटी. एका चौकटीला सहा मिनिटे लागली तर १,४४० मिनिटे, म्हणजे बरोबर २४ तास. समजा तीच चौकट अर्ध्या मिनिटात झाली, तर सगळे काम दोन तासांत आटोपते. चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्त करता येते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण चूक लवकर दिसली की शिकणेही लवकर होते.

दुसरा गुण पडद्याचा. सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, तर १४४ वेळा बदलणाऱ्यावर सुमारे ६.९ मिलिसेकंद. हालचाल डोळ्याला अधिक सलग वाटते. परंतु हा गुण खेळात दिसतो, निबंध टंकलिखित करताना त्याचा विशेष उपयोग नाही.

तिसरा गुण टिकून काम करण्याचा. पातळ लॅपटॉप तापला की थोड्या वेळात गती कमी करतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था मोठी असते. त्यात तांब्याच्या पोकळ नळ्या असतात आणि नळीत अगदी थोडे द्रव असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाते, तिथे पुन्हा द्रव होते आणि उष्णता पंख्याच्या वाऱ्याबरोबर बाहेर पडते. काजूची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तत्त्व सांगायला नको. भांड्यात वाफ, नळीत गारवा, पुन्हा थेंब. फरक इतकाच की येथे थेंब परत भांड्याकडेच वळतो.

चौथा गुण वाढ करण्याच्या सोयीचा. पुष्कळ गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅम आणि साठवण नंतर वाढवता येते. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पाटीवरच जोडलेली असते आणि ती बदलता येत नाही. मात्र ग्राफिक्स कार्ड बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

३. दोष

बॅटरी : हिशेब सोपा आहे. बॅटरी ८० वॅट-तासांची आणि यंत्र १६० वॅट घेत असेल तर ती अर्ध्या तासात संपेल. प्रत्यक्षात वायर काढली की यंत्र स्वतःच गती कमी करते. म्हणजे ज्या गतीचे पैसे आपण मोजले, ती गती भिंतीच्या सॉकेटजवळच मिळते. बॅटरी हवी तेवढी मोठी का बनवत नाहीत? याचे एक कारण मोपाच्या विमानतळावर समजेल. विशेष परवानगीशिवाय प्रवाशाला १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी विमानात नेता येते. म्हणूनच मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९ च्या आसपास थांबते.

वजन : असे यंत्र साधारण सव्वादोन ते अडीच किलोचे असते. चार्जर वेगळा, तो पाऊण किलोच्या घरात जातो. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये. ४५ किलो वजनाच्या मुलाला साडेचार किलोची मर्यादा येते. लॅपटॉप आणि चार्जर मिळून तीन किलोहून अधिक झाले, तर वह्या, पाण्याची बाटली आणि डबा कुठे ठेवायचा? पेडण्याहून म्हापशाला किंवा साखळीहून डिचोलीला कदंब बसमध्ये उभ्याने जाणाऱ्या मुलाला हा प्रश्न रोज पडेल.

उष्णता, आवाज आणि आपली हवा : जोराचे काम करताना प्रोसेसरचे तापमान ९० अंशांच्या वर जाऊ शकते. पंख्यांचा आवाज वाढतो, रात्री शेजारी झोपलेल्या आजीला तो ऐकू येतो. त्यात आपली हवा वेगळी. हरमल-मांद्रेच्या किनाऱ्यावर खारा वारा आणि डिचोलीच्या बाजूला तांबडी धूळ. मोठा पंखा जास्त हवा ओढतो, म्हणजे जास्त धूळही ओढतो. वर्षातून एकदा जाणत्याकडून सफाई केलीच पाहिजे. गादीवर किंवा उशीवर ठेवून असे यंत्र कधीही चालवू नये, कारण त्याच्या हवेच्या झडपा खालच्या बाजूला असतात.

वीज : अनेक पालकांना वाटते की बिल फार येईल. हिशेब करू. १५० वॅट, रोज तीन तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला १३.५ युनिट. साधा लॅपटॉप ३० वॅट धरला तर २.७ युनिट. फरक १०.८ युनिटांचा आहे, म्हणजे तो आहे पण डोंगराएवढा नाही. खरी अडचण इन्व्हर्टरवर येते. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. म्हणजे एक गेमिंग लॅपटॉप दोन पंख्यांएवढा किंवा त्याहून अधिक भार टाकतो. पावसाळ्यात वीज गेल्यावर पंखे चालवायचे की लॅपटॉप, हे घरात आधी ठरवून ठेवावे. विजा कडाडत असताना चार्जर काढून ठेवावा, हे सांगायला नकोच.

किंमत : स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप आणि अभ्यासाला पुरेसा साधा लॅपटॉप यांच्या किमतीत सहज दुपटीचा फरक पडतो. शिवाय पाठीची पिशवी, कूलिंग पॅड, वाढीव वॉरंटी हा खर्च मागाहून येतो. दहावीत घेतलेले यंत्र मूल पदवीला पोहोचेपर्यंत जुने झालेले असते.

मन : हा दोष यंत्राचा नाही, पण यंत्राबरोबर घरात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने खेळावरील ताबा सुटण्याच्या अवस्थेला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी २०२२ पासून लागू आहे. प्रत्येक खेळणारा मुलगा आजारी असतो असा याचा अर्थ नाही. खेळामुळे झोप, अभ्यास, जेवण, मित्र हे सगळे मागे पडू लागले आणि नुकसान दिसूनही थांबता येईना, तर ते लक्षण समजावे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली आहे. म्हणजे कायद्यानेही सरसकट "खेळ वाईट" असे म्हटलेले नाही. आपणही म्हणू नये.

४. जाहिरातीची भाषा

हिंदीत म्हणतात, नाम बड़े और दर्शन छोटे. आपल्याकडे म्हणतात, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लॅपटॉपवरील चिकटपट्टी वाचताना या दोन्ही म्हणी ध्यानात असाव्यात.

आरटीएक्स ४०६० हे एकच नाव घ्या. लॅपटॉपमधील या कार्डाला कंपनी आपापल्या रचनेनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वीज देऊ शकते. ज्याला कमी वीज मिळते ते यंत्र सावकाश चालते. नाव मात्र दोन्हींवर सारखेच. त्यामुळे दुकानात "कार्ड कोणते?" एवढेच विचारून थांबू नये, "किती वॅटचे?" हेही विचारावे. दुसरे उदाहरण आरटीएक्स ४०९० चे. टेबलावरच्या संगणकातील या कार्डाला २४ जीबी स्मृती आहे, लॅपटॉपमधील त्याच नावाच्या कार्डाला १६ जीबी, आणि आतली चिपही वेगळी आहे. आडनाव एकच असले तरी घरे दोन असावीत, तसा हा प्रकार.

माझ्या घरचाच अनुभव सांगतो. २०१९ मध्ये कन्या अभियांत्रिकीला गेली, तेव्हा मी शहरातील एका दुकानातून असाच एक लॅपटॉप घेतला. दुकानदाराने "सगळ्यात भारी" म्हटले आणि मी मान डोलावली. वजन किती, बॅटरी किती टिकते, काहीच विचारले नाही. दुसऱ्या सत्रापासून तो वसतिगृहाच्या टेबलावरच राहू लागला. वर्गात ती मैत्रिणीच्या हलक्या लॅपटॉपवर टिपणे घेई. कायम चार्जरला जोडलेला आणि बहुतेक वेळ गादीवर ठेवलेला असल्याने तिसऱ्या वर्षी त्याची बॅटरी फुगली. यात यंत्राचा दोष थोडा आणि माझा जास्त. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय पुष्कळ लॅपटॉपमध्ये असते, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. बॅटरी फुगलेली दिसली तर यंत्र ताबडतोब बंद करावे, ती दाबू किंवा टोचू नये आणि कचऱ्यात टाकू नये. अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच द्यावी.

५. पारख कशी करावी?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपल्या आया-बहिणी हरमलची मिरची घेतात, तेव्हा फक्त रंग पाहत नाहीत. एक मिरची मोडतात, वास घेतात, बी किती ते पाहतात, सुकी आहे की ओली हे बोटाने तपासतात. मगच भाव करतात. लाखाच्या यंत्राला आपण मिरचीएवढीही परीक्षा घेत नाही.

परीक्षेची एक पद्धत देतो. आठवीपासूनच्या विद्यार्थ्यांना हे गणित म्हणूनही करता येईल. सहा कसोट्या घ्या : गती, पडदा, बॅटरी, वजन, आवाज-उष्णता आणि किंमत. प्रत्येक यंत्राला प्रत्येक कसोटीत दहापैकी गुण द्या. नंतर आपल्या गरजेप्रमाणे प्रत्येक कसोटीला भार द्या. सर्व भारांची बेरीज दहा झाली पाहिजे. गुण गुणिले भार करून बेरीज करा. एकूण शंभरपैकी गुण मिळतील.

समजा गेमिंग लॅपटॉपला अनुक्रमे ९, ८, ३, ४, ४, ४ गुण दिले आणि साध्या लॅपटॉपला ५, ६, ८, ८, ८, ८. हे गुण केवळ नमुन्यादाखल आहेत.

पहिली विद्यार्थिनी वाणिज्य शाखेची, रोज बसने जाणारी. तिचे भार १, १, २, २, १, ३. गेमिंग लॅपटॉपची बेरीज ९ + ८ + ६ + ८ + ४ + १२ = ४७. साध्याची ५ + ६ + १६ + १६ + ८ + २४ = ७५. तिचा निर्णय स्पष्ट आहे.

दुसरा विद्यार्थी घरी बसून त्रिमितीय चित्रे करणारा. त्याचे भार ५, २, १, ०, १, १. गेमिंग लॅपटॉपची बेरीज ४५ + १६ + ३ + ० + ४ + ४ = ७२. साध्याची २५ + १२ + ८ + ० + ८ + ८ = ६१.

यंत्रे तीच, गुण तेच, तरी निकाल उलटा. म्हणजे "हा लॅपटॉप चांगला की वाईट?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कोणासाठी आणि कशासाठी?" हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. पालकांनी एक गोष्ट अवश्य करावी : भाराचा रकाना मुलाला स्वतः भरू द्यावा आणि प्रत्येक आकड्याचे कारण विचारावे. गतीला पाच भार दिलास तर गती लागणारे तुझे कोणते काम आहे ते दाखव, एवढेच म्हणावे. ज्याच्याजवळ दाखवण्यासारखे काम आहे तो दाखवतो. वडिलांनी सभेत विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

दुकानात जाताना आणखी पाच गोष्टी कराव्यात. यंत्र चार्जरसह हातात घेऊन वजन पाहावे. जोराचा कार्यक्रम दहा मिनिटे चालवायला सांगून पंख्याचा आवाज ऐकावा आणि कळफलकावर हात ठेवून उष्णता पाहावी. वायर काढून गती किती उतरते ते पाहावे. रॅम वाढवता येते का ते लेखी घ्यावे. दुरुस्ती केंद्र गोव्यातच आहे की यंत्र बाहेर पाठवावे लागते, हे विचारावे.

६. आपल्या शाळेने काय करावे?

मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेतून गोव्यातील अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळू लागले. ते दिवस मला चांगले आठवतात. ज्या घरात त्याचा उपयोग दाखवणारे कोणी होते, तिथल्या मुलांचे आयुष्य बदलले. इतर काही घरांत संगणकावर भरतकामाचे झाकण आले आणि झाकणावर फुलदाणी. यंत्र तेच होते. फरक त्याला मिळालेल्या कामात होता.

आज २०२१ मध्ये सुरू झालेल्या केअर्स योजनेतून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते. स्क्रॅच, पायथन, पत्रलेखन, तक्ते यांना गेमिंग लॅपटॉप मुळीच लागत नाही. साधा संगणक पुरतो. म्हणून वर्गासाठी महाग यंत्र घेणे योग्य होणार नाही. पण दीपमाळ करणाऱ्या मुलाला साधा संगणक पुरत नाही, हेही मी पाहिले.

यावर विश्वस्त मंडळापुढे माझी नम्र सूचना अशी. हितचिंतकांच्या संमतीने त्या रकमेतून लॅपटॉपऐवजी ग्राफिक्स कार्ड असलेला एक टेबलावरचा संगणक आणि त्याच्यासाठी यूपीएस घ्यावा. शाळेत यंत्र हलवायचे नसते, त्यामुळे बॅटरी आणि वजन या दोन्ही कसोट्यांचा भार शून्य होतो. टेबलावरच्या पेटीत हवा खेळती राहते, सफाई सोपी असते आणि पाच वर्षांनी फक्त कार्ड बदलता येते. शाळा सुटल्यावर दोन तास तो खोलीतील शिक्षकांच्या देखरेखीखाली सर्व इच्छुक विद्यार्थ्यांना खुला ठेवावा. अट एकच : काय करणार आहोत ते वहीत लिहून बसायचे आणि काय झाले ते लिहून उठायचे.

त्या वडिलांना मी पुन्हा बोलावले आणि सभेतल्या उत्तराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्यांना दीपमाळ दाखवली. त्यांनी ती घरी पाहिली नव्हती. मुलाने दाखवली नव्हती, कारण "बाबा म्हणतील हा खेळच आहे." दीपमाळेवरचा शेवटचा दिवा लागला तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "आमची देवळाकडची पायरी मोडली आहे, ती सुद्धा याने मोडकीच दाखवली आहे." मग तिघांनी मिळून वरील तक्ता भरला. मुलाने वजनाला शून्य भार दिला होता. मी विचारले, "दहावीनंतर मयेच्या शासकीय तंत्रनिकेतनात जायचे म्हणतोस, मग तेथे रोज काय नेणार?" त्याने थोडा विचार केला आणि शून्याचे दोन केले. गतीचा भार पाचाचा तीन झाला. बेरीज पुन्हा केली तेव्हा दोन्ही यंत्रे जवळजवळ सारखी आली. खरेदी पुढे ढकलायची आणि प्रवेश झाल्यावर, अभ्यासक्रम पाहून ठरवायचे, असे त्याने स्वतःच सुचवले. तोपर्यंत शाळेचा संगणक आला, तर त्यावर पहिला क्रमांक त्याचा असावा, अशी माझी इच्छा आहे. निर्णय अर्थातच विश्वस्त मंडळाचा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील एखादी वस्तू (मिक्सर, सायकल, मोबाईल) घ्या आणि सहा कसोट्या ठरवून तिचे गुण-दोष लिहा.

२. ९० वॅट-तासांची बॅटरी १२० वॅट घेणाऱ्या यंत्राला किती मिनिटे पुरेल? ३० वॅट घेणाऱ्या यंत्राला किती तास?

३. पंधरा सेकंदांच्या चित्रफितीत, सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने, किती चौकटी होतील? एका चौकटीला दोन मिनिटे लागल्यास एकूण किती तास लागतील?

४. "मला गेमिंग लॅपटॉप हवा, कारण..." हे वाक्य पूर्ण करून दहा ओळी लिहा. नंतर आई-वडिलांच्या बाजूने त्यास दहा ओळींत उत्तर लिहा. दोन्ही बाजूंना समान न्याय द्यावा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. चौथ्या प्रश्नाची उत्तरे मी स्वतः वाचणार आहे, आणि या वेळी हसणार नाही.

आपला,
मुख्याध्यापक